ई-कन्सल्टचा मोबदला: अमेरिकेत नव्याने प्रॅक्टिस सुरू करणाऱ्या स्पेशालिस्टसाठी

फेलोशिप संपते, पहिली नोकरी लागते आणि आठवडाभरात ईएचआरच्या (पेशंटच्या डिजिटल नोंदींच्या प्रणालीच्या) इनबॉक्समध्ये प्रायमरी केअरच्या डॉक्टरांचे प्रश्न येऊन पडायला लागतात. ‘थायरॉइडचा टीएसएच जरा वाढलाय, गोळी सुरू करू का?’ ‘किडनीचा ईजीएफआर ४० आलाय, डायबिटीसचं मेटफॉर्मिन चालू ठेवू का?’ प्रत्येकाला नीट उत्तर द्यायचं तर चार्ट उघडावा लागतो, जुने रिपोर्ट चाळावे लागतात, विचार करून लिहावं लागतं. पेशंट समोर नसला तरी हे काम स्पेशालिस्टचंच आहे. पेशंटला न तपासता, चार्ट बघून दुसऱ्या डॉक्टरला दिलेला असा सल्ला म्हणजे ई-कन्सल्ट. अमेरिकेत या कामाचे पैसे मिळतात. तरीही भारतातून येऊन इथे स्थिरावणारे बरेच डॉक्टर ते मागतच नाहीत. काहींना माहीत नसतं, काहींना सहकाऱ्याला मदत केल्याचे पैसे घेणं प्रशस्त वाटत नाही. मी प्रॅक्टिसचं बिलिंग आणि डॉक्टरांचे करार बघते, म्हणून हा संकोच रोज पाहते. तो सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. फुकटचं काम थकलेल्या संध्याकाळी घाईत उरकलं जातं आणि त्याची झळ पेशंटला लागते.

महाराष्ट्रात काम करून आलेल्यांना ई-संजीवनी ही सरकारी ऑनलाइन सल्लासेवा आठवेल. तिथे आरोग्यवर्धिनी केंद्रातून (आताचं आयुष्मान आरोग्य मंदिर) हबवरच्या, म्हणजे मोठ्या केंद्रावरच्या, तज्ज्ञाचा सल्ला घेतला जातो, पेशंटला तो मोफत असतो आणि खर्च सरकार उचलतं. अमेरिकेत तसं एकच तिजोरीचं दार नाही. पैसे कोण देणार, हे पेशंटच्या विम्यावर, तुमच्या करारावर आणि तुम्ही काय लिहून ठेवलं यावर ठरतं.

थोडा इतिहास सांगते, कारण पुढचे नियम त्यातूनच आलेत. सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलमध्ये २००५ च्या सुमारास पोटविकारांच्या क्लिनिकपासून एक पद्धत सुरू झाली. आलेलं प्रत्येक रेफरल आधी तज्ज्ञ वाचत आणि पेशंटला बोलवायचं की लेखी सल्ल्यावर काम भागतं, हे ठरवत. भेटीसाठी महिनोन्‌महिने थांबणाऱ्या गरीब पेशंटसाठी हा मोठाच दिलासा होता. लॉस एंजेलिस काउंटीच्या सरकारी दवाखान्यांनी २०१२ मध्ये ई-कन्सल्ट आणलं. पण जिथे दर भेटीमागे पैसे मिळतात अशा खासगी प्रॅक्टिसमध्ये हे कसं चालणार, हा प्रश्न उरला. २०१४ मध्ये फोन आणि इंटरनेटवरच्या सल्ल्यासाठी बिलिंग कोड (विम्याकडे पैसे मागताना काम कोणतं ते सांगणारे आकडे) आले, पण मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीची केंद्र सरकारची विमा योजना) त्याचे पैसे देत नव्हती. १ जानेवारी २०१९ पासून ती देऊ लागली आणि त्याच वेळी दोन नवे कोड आले. आज आपण वापरतो ते मुख्यतः तेच.

पायरी १: हे ई-कन्सल्ट आहे का, ते आधी ठरवा

जिन्यात गाठून विचारलेल्या प्रश्नाला इथे ‘कर्बसाइड’ म्हणतात. त्याची कुठे नोंद नसते, पेशंटला त्याचा पत्ता नसतो आणि त्याचं बिलही होत नाही. ई-कन्सल्टला तीन गोष्टी लागतात: उपचार करणाऱ्या डॉक्टरची कारणासह विनंती, पेशंटची संमती आणि चार्टमध्ये राहणारं तुमचं लेखी उत्तर. यातली एक जरी नसली तर क्लेम टिकत नाही.

मग तारखा बघा. हा पेशंट तुम्ही गेल्या १४ दिवसांत प्रत्यक्ष तपासला असेल, तर बिल करता येत नाही. तुमच्या उत्तरामुळे तो पुढच्या १४ दिवसांत, किंवा तुमच्याकडे मिळणाऱ्या पहिल्या अपॉइंटमेंटला, तपासणीसाठी आला तरीही नाही. तो खर्च त्या भेटीतच धरला जातो. एकाच पेशंटसाठी ७ दिवसांत एकदाच बिल होतं. मधे दोन-तीनदा निरोपांची देवाणघेवाण झाली, तर सगळा वेळ एकत्र मोजून एकच कोड लावायचा. पेशंट तुमच्याकडे आधीपासून येत असला तरी चालतो, फक्त तक्रार नवी हवी किंवा जुनी बळावलेली हवी.

वाचता वाचताच ‘याला बघावंच लागेल’ असं वाटलं, तर लांबलचक उत्तर लिहीत बसू नका. दोन ओळींत तसं कळवा, भेटीआधी कोणत्या तपासण्या करून घ्यायच्या ते सांगा आणि बिलाचा विचार सोडून द्या. पेशंटच्या हिताचं तेच आहे.

पायरी २: चांगला प्रश्न मागून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. ‘थायरॉइड. कृपया मत द्यावं.’ असा प्रश्न आला तर उत्तर देऊ नका, परत पाठवा. त्यात काहीही अपमान नाही. आपल्या ईएचआरमध्ये चार रकान्यांचा साचा करून घ्या: नेमका प्रश्न काय, आतापर्यंत काय केलं, कोणते रिपोर्ट जोडलेत, पेशंटची संमती कोणत्या तारखेला घेतली. आयटीवाल्यांना हे काम फार मोठं नसतं, पाठपुरावा मात्र करावा लागतो.

नमुना म्हणून एक काल्पनिक पण रोजच्या धर्तीवरचा प्रश्न बघा.

‘४६ वर्षांची स्त्री. चार महिने थकवा, वजन २ किलोने वाढलं. टीएसएच ६.८, फ्री टी४ नॉर्मल, टीपीओ अँटिबॉडी पॉझिटिव्ह. गरोदर नाही, तसा विचार नाही. लिथियम किंवा अमियोडेरोन चालू नाही. लेव्होथायरॉक्सिन आत्ता सुरू करावं की थांबावं? पेशंटची तोंडी संमती आज घेतली, बिल येऊ शकतं हे सांगितलं.’

आणि हे उत्तर:

‘विनंती, गेल्या तीन वर्षांचे रिपोर्ट आणि औषधांची यादी पाहिली. पेशंटला मी तपासलेलं नाही. मत उपलब्ध माहितीवर आधारित आहे. चित्र सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझमचं आहे. एकाच रिपोर्टवर गोळी सुरू करू नये. २ ते ३ महिन्यांनी टीएसएच आणि फ्री टी४ पुन्हा करा. टीएसएच १० च्या वर टिकून राहिला तर उपचार सुरू करा. त्याखाली राहिला तर थकव्याची बाकीची कारणं बघा: हिमोग्लोबिन, झोप, नैराश्य. अँटिबॉडी पॉझिटिव्ह असल्यामुळे पुढे दरवर्षी टीएसएच करत राहा. फ्री टी४ कमी आला किंवा गर्भधारणेचा विचार झाला, तर माझ्याकडे पाठवा. एकूण वेळ ११ मिनिटं.’

हे उत्तर डॉक्टर म्हणून तर वाचाच, पण बिलिंगच्या नजरेनेही वाचा. काय पाहिलं ते लिहिलंय, म्हणजे ऑडिट करणाऱ्याला काम दिसतं. शिफारस ठाम आहे आणि कशावरून काय करायचं हे आकड्यांत आहे, म्हणजे प्रायमरी केअरच्या डॉक्टरला पुन्हा विचारावं लागणार नाही. कधी पाठवायचं हेही सांगितलंय. आणि शेवटी मिनिटं आहेत. ही मिनिटं न लिहिल्यामुळे नाकारले गेलेले क्लेम मी जेवढे पाहिलेत, तेवढे दुसऱ्या कोणत्याही कारणाने पाहिलेले नाहीत.

पायरी ३: योग्य कोड लावा

उत्तर फक्त लेखी असेल तर ९९४५१. त्याला किमान ५ मिनिटं लागतात आणि चार्ट वाचण्यात गेलेला वेळही त्यात धरता येतो. पाच मिनिटांच्या पुढे मात्र दहा मिनिटं लागोत की चाळीस, पैसे तेवढेच.

प्रायमरी केअरच्या डॉक्टरशी बोललात आणि नंतर लेखी अहवालही दिलात, तर वेळेनुसार चार कोड आहेत: ५ ते १० मिनिटांना ९९४४६, ११ ते २० ला ९९४४७, २१ ते ३० ला ९९४४८ आणि ३१ किंवा अधिक मिनिटांना ९९४४९. यात एक अट आहे. निम्म्याहून जास्त वेळ चर्चेत गेलेला हवा. वीस मिनिटं रिपोर्ट वाचून पाच मिनिटं फोनवर बोललात, तर हे कोड लागत नाहीत.

विनंती करणाऱ्या डॉक्टरसाठी ९९४५२ आहे. एका दिवसात १६ ते ३० मिनिटं तयारीत किंवा तुमच्याशी बोलण्यात गेली, तर त्यांनी तो लावायचा, १४ दिवसांत एकदाच. तो मागायला त्यांना जरूर सांगा. समोरच्यालाही मोबदला मिळाला तर प्रश्न आपोआप नीट लिहून यायला लागतात. मनोविकारांपुरतंच काम करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, क्लिनिकल सोशल वर्कर वगैरेंसाठी मेडिकेअरने २०२५ पासून जी०५४६ ते जी०५५१ हे वेगळे कोड आणलेत.

आता रक्कम. २०२५ च्या तक्त्यात ९९४५१ ला ०.७० वर्क आरव्हीयू (डॉक्टरच्या कामाचं वजन मोजायचं एकक) होते आणि ९९४४६ पासून ९९४४९ पर्यंत ०.३५, ०.७०, १.०५ आणि १.४०. तुलनेला, साध्या फॉलो-अप भेटीच्या ९९२१३ ला १.३० मिळतात. म्हणजे एक लेखी ई-कन्सल्ट साधारण अर्ध्या भेटीच्या तोलाचं. डॉलरमध्ये मेडिकेअरचा ९९४५१ चा दर ३५ च्या आसपास पडतो, भागानुसार थोडा कमीजास्त.

मला हा दर अपुरा वाटतो, आणि वेळ कितीही लागला तरी रक्कम तीच, हे त्याहून खटकतं. कॅनडात ओटावाला २०१० मध्ये क्लेअर लिडी आणि एरिन कीली यांनी ई-कन्सल्टची जी सेवा उभी केली, तिथे तज्ज्ञाने लागलेला वेळ स्वतः नोंदवायचा आणि तासाला २०० कॅनेडियन डॉलर या हिशोबाने पैसे घ्यायचे, अशी रीत ठेवली. डॉक्टरच्या शब्दावर विश्वास ठेवणारी ही पद्धत मला जास्त न्याय्य वाटते. अमेरिकेत ती येईपर्यंत व्यवहार असा ठेवा: दहा-पंधरा मिनिटांत सुटणारे प्रश्न लेखी सोडवा, गुंतागुंतीच्या पेशंटला भेटीला बोलवा.

पायरी ४: पैसे कोण देणार, ते आधी बघा

मेडिकेअर असेल तर वरचे नियम जसेच्या तसे लागू होतात. पार्ट बीच्या (मेडिकेअरच्या डॉक्टरांच्या सेवांच्या भागाच्या) नियमाप्रमाणे वार्षिक डिडक्टिबल (विम्याआधी पेशंटने स्वतः भरायची रक्कम) भरून झाल्यावर २० टक्के पेशंटच्या वाट्याला येतात, ३५ डॉलरवर साधारण ७. रक्कम छोटी आहे, पण ज्या डॉक्टरचं तोंडही पाहिलं नाही त्याच्या नावाचं बिल घरी आलं की माणूस बिथरतो, आणि तसं होणं स्वाभाविक आहे. प्रायमरी केअरने ९९४५२ लावला असेल तर दुसरं बिलही येतं. म्हणून संमती घेताना पैशाची गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: ‘तुमच्या रिपोर्टवर मी तज्ज्ञांचं मत घेणार आहे. तुम्हाला तिकडे जावं लागणार नाही. त्याचं छोटं बिल तुम्हाला येऊ शकतं. चालेल?’ तोंडी होकार पुरतो, चार्टमध्ये नोंद मात्र हवीच. मुलांकडे राहायला आलेल्या आपल्या आईवडिलांच्या वयाच्या पेशंटना हे त्यांच्या भाषेत सांगितलं, तर पुढचे कितीतरी फोन वाचतात.

मेडिकेडचं, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्याचं, गणित राज्यागणिक बदलतं. पेशंट हजर नसलेल्या सल्ल्याचे पैसे मेडिकेड थेट तज्ज्ञाला देऊ शकत नाही, अशीच भूमिका बरीच वर्षं होती. उपचार करणाऱ्या डॉक्टरला वाढीव दर द्यायचा आणि त्यातून त्याने तज्ज्ञाला द्यायचे, असा आडवळणाचा मार्ग होता. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय यंत्रणेने राज्यांना पत्र पाठवून थेट पैसे देण्याची मुभा दिली. मुभाच, सक्ती नाही. त्यामुळे आपल्या राज्याच्या मेडिकेडचा दरतक्ता उघडून ९९४५१ आहे का ते स्वतः बघा. पेशंट ज्या राज्याचा आहे, तिथल्या मेडिकेडमध्ये तुमची नोंदणीही लागते.

खासगी विमा कंपन्यांचा एक नियम नाही. कोणी मेडिकेअरच्या वाटेने जातं, कोणी कोड मान्य करतं पण शून्य डॉलर देतं. बिलिंगवाल्यांना तुमच्याकडच्या पाच मोठ्या कंपन्यांची यादी द्या आणि प्रत्येकीचं लेखी उत्तर मागवा.

गरीब वस्तीतल्या सरकारमान्य हेल्थ सेंटरचं आणखी वेगळं असतं. त्यांना प्रत्यक्ष भेटीमागे ठरावीक रक्कम मिळते आणि ई-कन्सल्ट सहसा ‘भेट’ धरलं जात नाही. तिथे तज्ज्ञाचे पैसे अनुदानातून, हेल्थ प्लॅनकडून किंवा कराराने येतात. ई-कन्सल्टची गरज सगळ्यात जास्त याच ठिकाणी आहे, आणि पैशाची वाट इथेच सगळ्यात अरुंद आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अशा सेंटरसाठी काम करायची संधी आली तर बिलाच्या भानगडीत न पडता सरळ ठरलेल्या वेळेचा मोबदला मागा, उदाहरणार्थ आठवड्याला अर्धा दिवस.

पायरी ५: तुमच्या करारात ते लिहून घ्या

तुम्ही पगारावर असाल तर विम्याचे पैसे मालकाच्या खात्यात जातात. तुमच्या हाती काय लागतं ते करार ठरवतो. नोकरीच्या वाटाघाटीत तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. प्रत्येक ई-कन्सल्टमागे किती आरव्हीयूचं श्रेय मिळेल? विम्याने नाकारलं किंवा पेशंटला विमाच नाही, तरी ते मिळेल का? आणि या कामासाठी वेळापत्रकात जागा राखली आहे, की ते जेवणाच्या सुट्टीत करायचं? काही विद्यापीठ रुग्णालयं बिलाचं काय होतं ते न बघता स्पेशालिस्ट आणि प्रायमरी केअर दोघांनाही अंतर्गत श्रेय देतात. ‘तिथे देतात’ असं सांगून बोलणी सुरू करायला हरकत नाही.

मधल्या कंपन्याही आहेत. त्या क्लिनिककडून पैसे घेतात आणि तज्ज्ञाला दर उत्तरामागे ठरलेली रक्कम देतात. अशा कामात त्याच उत्तराचं बिल पुन्हा मेडिकेअरला पाठवायचं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. एखादं क्लिनिक तुम्हाला थेट पैसे देणार असेल, तर रक्कम बाजारभावाला धरून हवी आणि किती पेशंट कोणाकडे पाठवले जातात याच्याशी तिचा काही संबंध नको. स्टार्क कायदा (आर्थिक हितसंबंध असलेल्या ठिकाणी पेशंट पाठवण्यावर बंधन घालणारा) आणि लाचविरोधी कायदा या बाबतीत कडक आहेत. सही करण्याआधी आरोग्य क्षेत्रातल्या वकिलाला तासाभराची फी देणं परवडतं. आणि तुमच्या मालप्रॅक्टिस विम्यात ई-कन्सल्ट धरलंय का, हे त्याच आठवड्यात विचारून घ्या.

पायरी ६: लायसन्स, व्हिसा आणि तुम्ही कुठे बसला आहात

दुसऱ्या राज्यातल्या पेशंटबद्दल सल्ला देताना त्या राज्याचा लायसन्सचा नियम बघावा लागतो. बऱ्याच राज्यांत डॉक्टरने डॉक्टरला दिलेल्या सल्ल्याला काही सवलत असते, पण तिच्या मर्यादा वेगवेगळ्या आहेत. आणि लायसन्सची सवलत मिळाली म्हणजे विम्याची नोंदणी झाली असं होत नाही.

आपल्या लोकांनी सगळ्यात जपायचं ते व्हिसाला. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा ज्या मालकाच्या नावाने आहे, त्याच्यासाठीच काम करता येतं. संध्याकाळी घरबसल्या दुसऱ्या कंपनीसाठी ई-कन्सल्ट करून १०९९ वर (पगाराऐवजी स्वतंत्र कंत्राटदार म्हणून) पैसे घेणं हे विनापरवाना काम ठरतं आणि पुढे ग्रीन कार्डच्या वेळी अंगाशी येतं. त्या कंपनीने वेगळी पिटिशन (व्हिसासाठीचा अर्ज) केली तर गोष्ट निराळी. जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर रेसिडेन्सी किंवा फेलोशिप करणाऱ्यांना बाहेरचं काम करायला परवानगीच नाही. जे-१ वेव्हरवर (मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट घेऊन) तीन वर्षं पूर्ण करणाऱ्यांनीही इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय अशा कामाला हात लावू नये. कंपनीची भरती करणारी माणसं हे सांगतीलच असं नाही.

एक शेवटची गोष्ट, दिवाळीला किंवा लग्नसराईत भारतात जाणाऱ्यांसाठी. अमेरिकेबाहेर बसून दिलेल्या सेवेचे पैसे मेडिकेअर देत नाही, आणि मेडिकेडलाही परदेशात पैसे पाठवायला मनाई आहे. पुण्यात घरी बसून इनबॉक्स उघडला आणि पाच उत्तरं लिहिली, तर ती बिलाला पाठवू नका. कंपनीच्या संगणकावर परदेशातून पेशंटचे चार्ट उघडायला तुमच्या मालकाची परवानगी आहे का, तेही वेगळं विचारावं लागतं. सोपा मार्ग म्हणजे विमान पकडण्याआधी ई-कन्सल्टची रांग सहकाऱ्याकडे वळवायची, त्याच्या सुट्टीत त्याची आपण घ्यायची, आणि ही अदलाबदल ईएचआरमध्ये तारखांसह टाकून ठेवायची.